पोटाचं ऐकणाऱ्या बाई

विद्यापीठाच्या बायोमेडिकल इंजिनिअरिंग विभागात नवी मुलं आली की पहिल्याच तासाला एक गंमत घडायची, आणि जुनी मुलं ती बघायला मुद्दाम खिडकीशी येऊन उभी राहायची. मॅडम वर्गात यायच्या. फळ्याकडे बघायच्याही नाहीत. कापडी पिशवीतून स्टेथोस्कोप काढून बाकाबाकांवर वाटायच्या आणि म्हणायच्या, "शेजारच्याच्या पोटाला लावा. बेंबीच्या उजवीकडे, जरा खाली. आणि गप्प बसून ऐका."

आधी सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे. ही मुलं आली असायची कृत्रिम हात बनवायला, मेंदूतल्या लहरी पकडायला. कुणाचं पोट ऐकायला लागेल असं माहितीपत्रकात छापलेलं नव्हतं. मग कुणीतरी धीर करायचं.

"मॅडम, गुदगुल्या होतात."

"पेशंटलाही होतात. पुढे?"

"मॅडम, हिच्या पोटात कुणीतरी सामान हलवतंय!"

"माझ्या इथे नळ सुटलाय!"

"याच्या पोटात काहीच नाही, मॅडम. अगदी सामसूम."

मॅडम त्या बाकाशी जाऊन वाकून बघायच्या. "सामसूम असणारच. तू त्याच्या पट्ट्याच्या बकलाचं पोट तपासतोयस."

मग अख्खा वर्ग पोट धरून हसायचा आणि त्या हसण्यात पुढची चार वर्षं सोपी होऊन जायची. गणितं, सर्किटं, शरीररचना सगळं नंतर यायचंच. पण ज्याच्यासाठी यंत्र बनवायचं त्याला हात लावायला लाजणारा इंजिनिअर मॅडमना चालायचा नाही. मुलं त्यांना पाठीमागे 'गुडगुड मॅडम' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा तर त्यांच्या खोलीच्या दारावरच्या पाटीत कुणीतरी नावाच्या जागी बारीक अक्षरात तेच चिकटवलं. त्यांनी ते तसंच राहू दिलं. उलट एक कोपरा सुटत होता तो डिंकाने नीट बसवला.

हे पोटाचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते पीएच.डी.च्या मुलाखतीत. त्यांचे वडील पंपाचे मिस्त्री. बंद पडलेल्या पंपाला स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवायचं, त्याची मूठ कानाला लावायची आणि आतलं बेअरिंग काय म्हणतंय ते ऐकायचं, ही त्यांची पद्धत. मुलगी त्यांच्या मांडीवर बसून हे बघत वाढलेली. पुढे शिकली, हुशार निघाली, आणि एका सकाळी हृदयावर संशोधन करायचं असं ठरवून पाच प्राध्यापकांच्या समोर जाऊन बसली. धास्तीने सकाळी घास उतरला नव्हता. "हृदयच का?" असा प्रश्न आला. ती उत्तर जुळवत होती, खोलीत शांतता होती, आणि त्या शांततेत तिच्या पोटाने असा काही लांबलचक सूर लावला की दाराशी बसलेल्या लेखनिकानेही मान वर केली.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. पण कोपऱ्यातले म्हातारे प्राध्यापक गंभीरपणे पुढे झुकले. "काय म्हणालात तुम्ही?"

"मी नाही सर... ते... पोट."

"ते कळलं. ते काय म्हणालं, असं विचारतोय."

"भूक लागली, असं म्हणालं असेल, सर."

"असेल? खात्री नाही?" म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत चमक आली. "हृदयाच्या मागे सगळं जग लागलंय. त्याचा ठोका चुकला तरी शंभर यंत्रं ओरडतात. हे बिचारं दिवसभर बोलतं, आणि ऐकणारं कोण? ऑपरेशननंतर डॉक्टर दोन मिनिटं कान लावतो आणि पुढच्या खाटेकडे जातो. बाकी वेळ ते काय बोललं, कुणाला पत्ता?"

ती मुलाखतीला गेली हृदय घेऊन आणि परत आली पोट घेऊन. वडिलांना तिने फोनवर सगळं सविस्तर सांगितलं. मग ते म्हणाले, "म्हणजे पंपच की. फक्त ओला."

पुढे त्या शिकल्या, शिकवू लागल्या, लग्न झालं, केस पांढरे व्हायला लागले, आणि पोटाचा पिच्छा काही सुटला नाही. पोटावर ऑपरेशन झालं की आतडी रुसून बसतात. काही काळ हलत नाहीत, आणि ती हलत नाहीत तोवर पेशंटला खायला-प्यायला देता येत नाही. लवकर दिलं तर उलट्या, उशीर केला तर तो उगाच उपाशी. डॉक्टर दिवसातून एकदोनदा येऊन ऐकतात. मधल्या वेळात रुसवा केव्हा निघाला ते कुणालाच कळत नाही. मॅडमना बनवायचा होता एक पट्टा. मऊ कापडाचा, आत लहान लहान माइक बसवलेला. तो पोटावर बांधायचा, दिवसभर ऐकत राहायचं, आणि आतडी बोलायला लागली की नर्सच्या टेबलावर दिवा लागायचा.

या कामात त्यांना जोडीदारीण मिळाली ती पीएच.डी.ला आलेली एक लेकुरवाळी बाई. आधी रेडिओ केंद्रावर ध्वनिमुद्रण करायची, म्हणून विभागात तिला सगळे 'रेडिओ' म्हणत. कान तिखट, जीभ त्याहून तिखट. पहिल्या पट्ट्याचा पहिला आवाज ऐकून ती म्हणाली, "मॅडम, यात पोट सोडून सगळं आहे. पंखा आहे, कापड आहे, हृदय आहे, आणि बाहेर कुणीतरी 'चहाला चल' म्हणतंय तेही आहे."

खरंच होतं ते. पोटाचा आवाज मुळात लाजरा. तो पकडायला माइक कान टवकारून बसवला, की त्याला जगभरचं ऐकू येणार. दोघी दिवसचे दिवस आवाज गाळत बसायच्या. तपासायला पोटं लागायची. विद्यार्थ्यांची झाली, शिपायांची झाली, ग्रंथपालांचं झालं. मॅडमचा नवरा शाळेत भूगोल शिकवायचा, त्याचं तर इतक्यांदा झालं की तो म्हणायचा, "जगाचा नकाशा मी शिकवतो, आणि माझ्या पोटाचा नकाशा हिच्या कपाटात."

पण खरी खाण घरातच होती. सासूबाई.

सासूबाईंच्या पोटात काही राहत नसे. शेजारच्या जिन्यात घडलेली गोष्ट त्यांना सकाळी कळली, की दुपारपर्यंत चारही मजल्यांना कळलेली असे. सुनेने विचारलं, "आई, जरा पट्टा बांधून बसाल? फक्त बोलायचं नाही." त्या हौसेने बसल्या. पट्टा बांधून घेतला, डोळे मिटले, आणि लगेच उघडले. "अगं, पण ते वरच्या मजल्यावरचे जावईबापू..."

"आई!"

"नाही बोलत. एवढंच सांगते आणि नाही बोलत."

त्या मुद्रणात आतड्यांचा एकही स्वर सापडला नाही. वरच्या मजल्यावरच्या जावईबापूंची मात्र संपूर्ण हकिकत सापडली, आणि तीही छातीपोटातून घुमत, जणू विहिरीतून कुणी सांगतंय. रेडिओने ते मन लावून शेवटपर्यंत ऐकलं. "मॅडम, कामाचं काही नाही," ती म्हणाली, "पण पुढे काय झालं ते त्यांना विचाराल का?"

शेवटी पट्टा बऱ्यापैकी जमला आणि विद्यापीठाच्या रुग्णालयात दाखवायचं ठरलं. तिथले मोठे डॉक्टर शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख. उंच, खर्जातल्या आवाजाचे, आणि यंत्रांवर फारसा जीव नसलेले. "मला दोन कान आहेत," असं ते आधीच म्हणाले होते. तरी त्यांनी एक पेशंट दिला. आदल्या दिवशीच ऑपरेशन झालेला, दणकट बांध्याचा एक ट्रकचालक. त्याने आनंदाने होकार दिला. समिती आली, नर्स आल्या, शिकाऊ डॉक्टरांचा घोळका आला. मॅडमनी पट्टा बांधला, रेडिओने स्क्रीन लावला.

आणि काय सांगावं! स्क्रीनवर अशा देखण्या लाटा उमटल्या की मॅडमचा ऊर भरून आला. नियमित, ठसठशीत, एकामागून एक. दिवा हिरवा झाला.

"आतडी सुरू झाली आहेत," मॅडम म्हणाल्या.

मोठ्या डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला. बराच वेळ ऐकलं. "इथे तर काही नाही."

"आमचा माइक जास्त बारीक ऐकतो, डॉक्टर."

"असेल बुवा." त्यांनी पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. लाटा तशाच, घड्याळाच्या काट्यासारख्या. त्यांनी खाटेखाली वाकून पाहिलं, हात घातला आणि भिंतीतली एक पिन उपटली.

लाटा थांबल्या. दिवा विझला.

पेशंटच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्याच्याखाली हवेची गादी घातलेली होती. तिच्यात हवा भरणारा छोटा पंप खाटेखाली अडकवलेला. गेला सगळा वेळ मॅडमचा पट्टा त्या पंपाचं ऐकत होता.

"अभिनंदन," मोठे डॉक्टर खर्जात म्हणाले. "गादीची तब्येत उत्तम आहे. तिला जेवायला द्यायला हरकत नाही."

वॉर्डात असा काही हशा पिकला की ट्रकचालक टाके धरून कळवळला. "हसवू नका हो साहेब, दुखतंय," म्हणत तोही हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पट्टा सोडला, घडी घातली, पेशंटचे आभार मानले आणि जिन्याने खाली उतरल्या. लिफ्टमध्ये कुणी भेटलं असतं तर काय बोलणार होत्या?

ही गोष्ट रुग्णालयात वाऱ्यासारखी पसरली. कॅन्टीनमध्ये कुणी भेटलं की विचारायचं, "गादी कशी आहे?" घरी सासूबाईंना डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसू आलं, आणि अर्थातच चारही मजल्यांना येईस्तोवर थांबलं नाही. पण सगळ्यात वर्मी बसलं ते वडिलांचं बोलणं. त्यांनी फोनवर सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पंपवाल्याची पोरगी तू, आणि तुला पंप ओळखता आला नाही?"

फोन ठेवल्यावर मॅडम स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या राहून एकट्याच रडल्या. मग नाक पुसताना अचानक त्यांना त्या लाटा आठवल्या. कसल्या एकसारख्या होत्या त्या! कुठलं आतडं असं शिस्तीत चालतं? वडील म्हणाले ते खरंच होतं. कानांनी नाही, हावेने ऐकलं होतं. आणि मग हसू फुटलं ते आवरेचना. नवरा धावत आला तर ही बाई ओट्याला टेकून हसतेय आणि गाल ओले.

"काय झालं गं?"

"गादीला जेवायला द्या म्हणाले रे!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात सगळी फजिती स्वतःच सांगितली, मुलांना खाटेखाली घातलं आणि वॉर्डात कुठली कुठली यंत्रं गुरगुरतात ते शोधून आणायला लावलं. मुलांनी तर बाजारच मांडला: पंप, शीतकपाट, कोपऱ्यातला पंखा, एका आजोबांचं घोरणं. मग रेडिओने सुचवलं ते जुन्या ध्वनिमुद्रणातलंच होतं. पट्ट्याच्या बाहेरच्या अंगालाही एक माइक लावायचा, पाठ पोटाकडे आणि तोंड जगाकडे करून. त्याला जे ऐकू येईल ते आतल्या आवाजातून वजा करायचं. उरेल ते पोट.

मोठ्या डॉक्टरांकडे पुन्हा जायचं मात्र धाडस होईना. ते करून दाखवलं सासूबाईंनी, आणि तेही वेगळ्याच वाटेने. त्यांच्या पोटात कळा येऊ लागल्या. तपासण्या झाल्या. आतड्याचा एक तुकडा अरुंद झाला होता, तो काढायला हवा होता. ऑपरेशन करणार मोठे डॉक्टरच. घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. सासूबाईंचा मात्र एकच हट्ट, "ऑपरेशननंतर मला आपला पट्टा बांधायचा."

"आई, तुम्ही घरच्या. ते नियमात बसत नाही."

"कुणाच्या नियमात? बोलाव त्यांना."

शेवटी प्रकरण संशोधनाच्या नीतिसमितीपुढे गेलं. समितीच्या अध्यक्षबाईंनी काळजीने विचारलं, "आजी, तुमच्या सुनेने तुमच्यावर काही दबाव तर आणला नाही ना?"

"दबाव?" सासूबाई ताठ बसल्या. "आमच्या घरात दबाव माझा असतो."

परवानगी मिळाली, एका अटीवर. पट्टा काय म्हणतो ते नुसतं टिपायचं. उपचार डॉक्टरांच्या कानाने चालायचे.

ऑपरेशन नीट झालं. पण सासूबाई पहिल्यांदाच गप्प पडून होत्या, आणि ती शांतता सुनेला पट्ट्यातल्या कुठल्याही आवाजापेक्षा मोठी वाटत होती. मॅडम खाटेशी स्टुलावर बसून राहिल्या, सासूबाईंचे सुकलेले ओठ ओल्या कापसाने टिपत. तिसऱ्या सकाळी आवाज आला, पण तो पोटाचा नव्हता. "चहा," सासूबाई म्हणाल्या.

"डॉक्टर म्हणेपर्यंत नाही, आई."

"तुझा पट्टा काय म्हणतोय?"

मॅडमनी स्क्रीनकडे पाहिलं आणि त्या पुढे झुकल्या. बारीक, वेड्यावाकड्या, बेशिस्त लाटा. एक इथे, मग बराच वेळ काही नाही, मग दोन पाठोपाठ. रेडिओने कानाला यंत्र लावलं, खाटेखाली वाकून खात्री केली, सगळ्या पिना तपासल्या आणि हळूच म्हणाली, "मॅडम, गादी नाहीये ही."

राउंड आला. मोठ्या डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला, मान हलवली. "अजून नाही." मग त्यांची नजर स्क्रीनवर गेली. या वेळी ते हसले नाहीत. "तुमचा पट्टा काय म्हणतो?"

"सुरू झालीत म्हणतो."

"मग? देऊ का पाणी? तुमच्या शब्दावर?"

सासूबाईंनी आशेने सुनेकडे पाहिलं. शिकाऊ डॉक्टरांनीही पाहिलं. एक 'हो' म्हटलं असतं तर झाली ती सगळी फजिती धुऊन निघाली असती.

"नको," मॅडम म्हणाल्या. "एका पोटावरून काही ठरत नाही. आणि ते पोट माझ्या सासूबाईंचं आहे, म्हणून माझा जीव तर आणखीच घाईला आलाय. तुमच्या कानाला पटेल तेव्हाच द्या."

"बघा!" सासूबाई उसळल्या. टाके असतानाही उसळल्या. "सख्ख्या सुनेने माझा चहा अडवला! सगळ्यांच्या देखत!"

मोठे डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले. जाताना मात्र त्यांनी मॅडमकडे जरा वेळ पाहिलं.

दुपारी ते पुन्हा आले, या वेळी मागे सगळी शिकणारी मंडळी. एका मुलीला ते समजावून सांगत होते की आतडी जागी झाल्याची सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे वायू सरणे, आणि पेशंटला हे विचारताना लाजायचं नसतं. ती बिचारी लाल होऊन खाटेशी आली. "आजी, तुम्हाला... म्हणजे... काही..."

आजींनी तोंडाने उत्तर दिलं नाही. पण उत्तर आलं. खणखणीत, लांबलचक, कुणाच्याही मनात शंका उरणार नाही असं.

मग पलीकडच्या खाटेवरच्या बाईने टाळी वाजवली, आणि बघता बघता अख्ख्या वॉर्डाने वाजवली. सिस्टर वाजवत होत्या, रेडिओ वाजवत होती, मोठे डॉक्टरही. सासूबाईंनी चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली आणि करारी आवाजात जाहीर केलं, "खुर्ची सरकली."

वॉर्डात खुर्ची नव्हती.

डॉक्टरांनी कान लावला, मान डोलावली. "पाणी द्या. संध्याकाळी चहा, अगदी पातळ." मग मॅडमकडे वळून म्हणाले, "तुमच्या पट्ट्याला माझ्या आधी कळलं, नाही?"

"या वेळी कळलं."

"'या वेळी' म्हणालात म्हणून सांगतो. माझा अख्खा वॉर्ड घ्या. नीट तपासून बघू."

मग नीट तपासणं झालं, आणि त्यात दोन वर्षं गेली. ट्रकचालकाने आपणहून येऊन विचारलं, "माझं एकदा राहिलंच होतं, आता घेणार का?" तो तोवर ठणठणीत झाला होता, म्हणून त्याला नुसती कॉफी पाजून परत पाठवलं. निकाल लागला तो काही डोळे दिपवणारा नव्हता. पट्टा बऱ्याचदा आधी सांगायचा, काही वेळा उगाच सांगायचा, आणि खूप जाड पोटांवर तर चक्क झोपी जायचा. मॅडमनी हे सगळं जसंच्या तसं लिहिलं, जाड पोटांसकट. पट्टा डॉक्टरांच्या कानाची जागा घेणार नव्हता. पण नर्सला 'आता डॉक्टरांना बोलवा' एवढं सांगायला पुरेसा होता. तेवढ्यानेही पुष्कळ लोकांचा उपास लवकर सुटला. रेडिओला पदवी मिळाली. समारंभाला तिच्या लहान मुलीने मोठ्याने विचारलं, "आईला पोटाची डॉक्टर केलं का?" आणि तिला 'हो' म्हणणं सगळ्यांनाच सोपं वाटलं.

सासूबाई आता शेजारपाजारी सांगतात की विज्ञानासाठी त्यांनी पोट दिलं. दर वेळी सांगताना त्या पोटाचं कर्तृत्व थोडं वाढतं. दुपारची ती टाळ्यांची गोष्ट तेवढी त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेली नाही. ती जिन्यात पोहोचवायचं काम त्यांच्याच मुलाने केलं.

सध्या मॅडमपुढे निराळंच संकट उभं आहे. रुग्णालयाच्या धुलाईखान्यात पट्टे चादरींबरोबर उकळत्या पाण्यात गेले आणि आटून लहान बाळांच्या मापाचे झाले. धुलाईखान्याचे प्रमुख म्हणतात, आमच्याकडे येईल ते आम्ही उकळणार. रेडिओ म्हणते, कापड बदला. मोठे डॉक्टर म्हणतात, धुलाईखानाच बदला. मॅडमनी दोघांचंही ऐकलं नाही. या सत्राच्या वेळापत्रकात त्यांनी मुलांचा मंगळवारचा तास धुलाईखान्यात ठेवला आहे. पहिल्या मंगळवारी मुलं घामाघूम होऊन परत आली, हात साबणाने पांढरे झालेले, आणि कुठला शिवण-टाका वाफेत टिकतो यावर तावातावाने भांडत होती. मॅडम सगळ्यांच्या मागून आटलेल्या पट्ट्यांचा गठ्ठा घेऊन येत होत्या. बालविभागाच्या दाराशी त्या थांबल्या, गठ्ठ्यातला एक पट्टा उलगडून हातात ताणून बघितला, आणि दार लोटून आत गेल्या.